सोस्थेनचे पोकळ खांब

मेलेल्या माणसाला नावं ठेवू नका, असं आमचे पाद्रीबुवा मला दर वेळी बजावतात. पण पाद्रीबुवांना सोस्थेन फक्त रविवारचा माहीत होता. पहिल्या बाकावर बसलेला, हॅट मांडीवर घेतलेला, बोटभर लांब तोंड करून प्रार्थना पुटपुटणारा. मी त्याची चुलतबहीण आणि वर शेजारीण. उरलेले सहा दिवस मला भोगावे लागले. तेव्हा मी बोलणार.

सोस्थेन लाव्हर्न्याक. नाव केवढं आणि माणूस केवढा! ओविदकाकांचा धाकटा. मिसरूड फुटलं तसा न्यू ऑर्लिन्सला पळाला आणि तिथे एका मोठ्या दुकानात हॅट विकायला उभा राहिला. उभी हयात त्यानं गोऱ्या साहेबांच्या डोक्यांची मापं घेतली. आता रोज साहेबांच्या टाळूवर फीत ठेवून माणूस साहेब होतो का? पण सोस्थेनला वाटायचं, होतो. ओविदकाका गेले तेव्हा तो कायमचा परत आला, तो तीन हॅट आणि एक चांदीच्या मुठीची काठी घेऊन. पाय धडधाकट होते मेल्याचे. काठी कशाला, तर टेकायला नाही, दाखवायला.

घरी होती त्याची थोरली बहीण, झेली. आमच्यात एकाच आईची दोन लेकरं दोन रंगांची निघतात, त्यात नवल नाही. सोस्थेन भरपूर दूध घातलेल्या कॉफीसारखा आणि झेली बिनदुधाच्या. लहानपणी कोणाच्या ध्यानातही यायचं नाही. झेलीनंच त्याला कडेवर वागवलं, त्याचं नाक पुसलं. मागणी आली होती तिला, दोनदा. पण आई अंथरुणाला खिळली, मग वडील. ती राहिली. कोंबड्या, पेकनची झाडं, अंजिराचा मुरंबा आणि ते घर, एवढाच तिचा संसार. मला म्हणायची, "फिलोमीन, मला या जगाकडून फार नको. ज्या मागच्या खोलीत जन्मले तिथेच डोळे मिटावेत, बस. हॉस्पिटलात नाही, दुसऱ्याच्या दारात नाही." काकांनी घर दोघांच्या नावावर करून ठेवलं होतं. तिला वाटलं, आता काळजी कसली?

काळजी काठी मिरवत ओसरीवर आली.

ते घर आमच्या सगळ्यांच्या खापरपणजीनं बांधलेलं. मादलोन तिचं नाव. जन्मानं गुलाम. ज्या फ्रेंच माणसाची मुलं तिनं वाढवली, म्हणजे तिची स्वतःचीच मुलं, समजून घ्या, त्यानं म्हातारपणी तिला मोकळं केलं आणि बायूच्या, म्हणजे आमच्या या संथ ओढ्याच्या, काठची जमिनीची एक पट्टी दिली. तिनं आणि तिच्या मुलांनी दलदलीतला सायप्रस तोडला, पाण्यात मुरवला, खांब उभे केले, एकही खिळा न वापरता लाकडी खुंट्यांनी जोडले. खांबांच्या मधे माती. नुसती नव्हे, ओकवर लोंबणारं शेवाळ कुजवून, काळं दोऱ्यासारखं झालं की ते मातीत घालून पायानं तुडवलेली. सगळं घर विटांच्या बुटक्या पायांवर उचललेलं, म्हणजे बायूला पूर आला की खालून निघून जाईल. चारी बाजूंनी खोल ओसरी, वर मोठं उतरतं छप्पर, खोल्या एकीतून दुसरीत जाणाऱ्या. मधे बोळ नाही की दिवाणखाना नाही. माळ्याचा जिनासुद्धा बाहेर ओसरीवरून. आत जिना घालून जागा कोण वाया घालवील? ऑगस्टच्या उकाड्यात त्या भिंतींना हात लावा, गार.

तिनं आधी नीळ पिकवली, मग कापूस. आणि कापसानं हात वर आल्यावर तिनंही माणसं विकत घेतली. हो, घेतली. जन्मानं गुलाम असलेल्या बाईनं. आमची माणसं हे सांगताना खोकतात आणि विषय बदलतात. मी बदलत नाही. घर तिचं होतं, पापही तिचं होतं, दोन्ही आमच्याकडे आलं.

पण सोस्थेनला यातलं काहीच नको होतं. ना मादलोन, ना माती. आल्याच्या पहिल्या संध्याकाळी अंगणात उभा राहून काठीनं भिंत टोचत म्हणाला, "फिलोमीन, हे काय घर आहे? हा तर कोंबड्यांचा खुराडा मोठा केलाय."

मी म्हटलं, "त्याच खुराड्यात तू अंड्यातून बाहेर आलास."

"मोठ्या नदीवरची घरं पाहिलीस कधी? पांढरेशुभ्र खांब, दोन माणसांनी मिठी मारली तरी कवेत न येणारे. आत शिरलं की दिवाणखाना, त्यातून वर चढणारा जिना. त्याला म्हणतात मळ्याचं घर!"

"ती घरं आपल्या घराच्या नातवंडांच्या वयाची आहेत," झेली ओसरीवरून म्हणाली. ती शेंगा सोलत होती. "आपलं आधीचं आहे रे. तेव्हा असंच बांधायचे."

"आधीचं म्हणजे गरिबाचं," सोस्थेन म्हणाला.

हे ऐकून घ्या. उन्हापावसाचं सगळं गणित ज्या बाईनं निरक्षर असून घरात बसवलं, तिला हा हॅटवाला गरीब म्हणतो!

मग त्याचे खांब आले. तालुक्याच्या गावात एक जुनी टॉकीज पाडत होते. तिच्या तोंडावर सहा मोठे पांढरे खांब होते, लाकडी फळ्यांचे, आतून पोकळ. आमच्या या साहेबांनी ते उचलून आणले. दोन ट्रकमधून आमच्या बायूच्या रस्त्यानं ते खांब येताना अख्खा गाव दारात उभा. लायसँडर न्हावी ओरडला, "सोस्थेन, सिनेमा कुठला लागणार?" मी एवढी हसले की माझ्या पोटात दुखायला लागलं.

आता टॉकीज उंच, घर बसकं. खांब बसेनात. शहाण्यानं काय करावं? खालून कापले. मग खांबांना बैठकच उरली नाही, नुसतेच ओसरीतून उगवल्यासारखे उभे. त्यांच्यासाठी मादलोनच्या मुलांनी तासलेले बारीक सायप्रसचे खांब काढून टाकले. झेलीनं ते उचलून परसात टोमॅटोच्या वेलांना टेकू लावले. महिन्याभरात पोकळ खांबांत गांधीलमाश्यांनी घरं केली. निदान कोणीतरी तिथे सुखानं राहायला आलं.

मग मधली भिंत पाडून दिवाणखाना. मग ओसरीवरचा जिना तोडून आतमधे नवा जिना, तो इतका अरुंद की सोस्थेनला स्वतःला आडवं होऊन चढावं लागे. वर काय, तर माळाच. माळ्यावर काय, तर वटवाघळं. पण जिना पाहिजे! आणि शेवटी सगळ्या बाहेरच्या भिंतींना सिमेंट. वर रेघा ओढल्या, दगडाचे चिरे वाटावेत म्हणून.

झेली हात जोडून म्हणाली, "सोस्थेन, सिमेंट नको रे. माती श्वास घेते. तिचं तोंड बांधलंस तर आत ओल धरेल, लाकूड कुजेल. बाबा दर वर्षी संतांच्या सणाला चुना द्यायचे, तो काय उगीच?"

"बाबांना शहर माहीत नव्हतं."

"तुला घर माहीत नाही," झेली म्हणाली. पण हळूच. तिचं सगळंच हळू. तिच्या जागी मी असते तर काठी हिसकावून त्याच्याच पाठीवर मोडली असती.

एकदाच ती भडकली. गवंडी तिच्या मागच्या खोलीकडे वळले तेव्हा. ती दारात उभी राहिली, हातात मुरंब्याचं उकळतं पातेलं. "या," म्हणाली, "ज्याला यायचंय त्यानं आधी पुढे यावं." गवंडी मागे सरले. सोस्थेन म्हणाला, "राहू दे ती खोली, मागे आहे, कोणाला दिसते?" झेलीनं त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. तेवढी एक खोली जशी होती तशी राहिली. मातीची भिंत, खुंट्यांचे सांधे, चुलाण्याच्या भोवती लाकडी कोरीव पट्टी, सगळं.

घर असं नटल्यावर घराला इतिहासही नटवा पाहिजे. रविवारी रस्त्यानं जाणारे गोरे प्रवासी गाडी थांबवायचे, फोटो काढायचे, आणि सोस्थेन हॅट काढून पुढे. "माझे पूर्वज, सरदार होते, शव्हालिए द लाव्हर्न्याक. राजाच्या पदरी होते. हे खांब फ्रान्सहून जहाजानं आले." मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत असायचे. एकदा एक बाई म्हणाली, "किती सुंदर! आणि दगड इतका गुळगुळीत!" तेवढ्यात एक गांधीलमाशी तिच्या हॅटवर बसली. मला चिमटा तोंडात धरून हसू दाबावं लागलं. झेली मात्र हसायची नाही. पाहुणे आले की ती आत जायची, कोणी सांगितलं नसतानाही. मला ते दिसायचं. सोस्थेनलाही दिसायचं, आणि बरं वाटायचं मेल्याला.

मग राज्याचा रस्ता आला. बायूच्या काठचा रस्ता चौपदरी करायचा ठरलं आणि खुणेचा लाकडी खुंटा गाडला गेला तो थेट दिवाणखान्याच्या खिडकीसमोर. झेली त्या दिवशी माझ्याकडे आली आणि खुर्चीत बसली. मी कॉफी दिली, ती गार झाली.

"एकच वाट आहे," ती शेवटी म्हणाली. "चर्चमधे सांगत होते, राज्याचं एक खातं आहे. फार जुनं घर असलं, जसंच्या तसं असलं, तर त्याला हात लावत नाहीत. रस्ता वळवतात. तिथून एक बाई येणार आहे घर पाहायला."

"मग तू सांग तिला. सोस्थेनला तोंड उघडू देऊ नकोस."

"सांगते," ती म्हणाली. "सगळं सांगते. मादलोनचं, मातीचं, सगळं. खोली उघडून दाखवते." आणि गळ्यातली किल्ली तिनं मुठीत घट्ट धरली. तिच्या डोळ्यांत मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा झगडायची इच्छा पाहिली. मला बरं वाटलं.

ती बाई आली. मिस पेटिग्रू. पायात रबरी बूट, खांद्याला पिशवी, हातात विजेरी. वरवरचं बघून जाणारी नव्हे. मी मांसाचे कानवले तळून घेऊन गेले होते, म्हणजे मला तिथे उभं राहायला काहीतरी निमित्त पाहिजे ना! सोस्थेननं तिन्ही हॅटपैकी सर्वांत चांगली घातली होती. त्याचं सुरू झालं: शव्हालिए, राजा, जहाज, खांब. मिस पेटिग्रूनं बोटाच्या पेरानं खांबावर टकटक केलं. पोकळ आवाज आला. आतून गुणगुण. ती एक पाऊल मागे सरली.

"हा दिवाणखाना मुळातला?"

"अगदी मुळातला," सोस्थेन म्हणाला.

"जिना?"

"मुळातला."

तिनं भिंतीवरून हात फिरवला. सिमेंटचा एक पोपडा तिच्या हातात आला आणि मागून ओलसर, काळपट लाकूड डोकावलं. ती खाली बसली, विजेरी लावली. "जुन्या नकाशावर इथे मातीच्या भिंतींचं घर दाखवलंय," ती म्हणाली. "फार जुनं. या काठावर तशी आता उरलीच नाहीत. मी खरं तर त्याच आशेनं आले होते."

काय सांगू तुम्हाला! तिला माती पाहिजे होती! तिला मादलोन पाहिजे होती! देवानं संधी ताटात वाढून पुढे ठेवली. आणि आमचा सोस्थेन छाती काढून म्हणाला, "माती? बाईसाहेब, आमच्या घराण्यात कोणी मातीत राहिलं नाही. नकाशा चुकला असेल."

तेवढ्यात झेली आली. चर्चचा निळा पोशाख घातलेला, केस नीट बांधलेले, हातात कॉफीचा ट्रे, पोशाखावर ती किल्ली. तिचे ओठ हलत होते. काय बोलायचं ते घोकत आली होती, मला कळलं. मिस पेटिग्रू उठून उभी राहिली, हात पुढे करण्यासाठी. "आणि या कोण?" तिनं सोस्थेनला विचारलं.

सोस्थेननं झेलीकडे पाहिलं. मग आपल्या खांबांकडे. मग त्या गोऱ्या बाईकडे.

"आमची स्वयंपाकीण," तो म्हणाला. "लहानपणापासून आमच्याकडेच आहे बिचारी."

कप बशीवर किणकिणले. झेलीनं ट्रे खाली ठेवला, एक थेंब न सांडता. मी बोलणार होते, देवाशप्पथ बोलणार होते. तिनं माझं मनगट धरलं, आणि असं धरलं की चुडा असता तर फुटला असता.

मिस पेटिग्रू तिच्याकडे वळली. भली बाई होती. "म्हणजे हे घर तुम्हाला आतून बाहेरून माहीत असणार," ती म्हणाली. "मला सांगा, कुठे एखादी जुनी भिंत राहिली आहे का? मागे कुठे? सगळं घर नको. एक खोली जरी तशीच असली ना, तरी मी हा रस्ता थांबवू शकेन."

एक खोली. माझ्या डोळ्यांसमोर ती किल्ली चकाकत होती. झेलीनं भावाकडे पाहिलं, आणि वाट पाहिली. हे नीट ऐका, तिनं वाट पाहिली. त्याला तोंड होतं, जीभ होती. एवढंच म्हणायचं होतं, ही माझी बहीण. घर वाचलं असतं. तो काठीच्या मुठीवरची चांदी पुसत बसला.

"मला काय कळतंय बाईसाहेब," झेली म्हणाली. "मी स्वयंपाकीण. घराचं मालकांना विचारा."

मिस पेटिग्रूनं कॉफी घेतली, आभार मानले आणि निघून गेली. त्याच दुपारी झेली एका पेटीत कपडे आणि आईची माळ घालून माझ्याकडे राहायला आली. मी तिला बोलले, फार बोलले. "अगं, तुझं स्वतःचं मरण तू त्याच्या हट्टापायी घालवलंस!" ती म्हणाली, "फिलोमीन, ज्या घरात मी स्वयंपाकीण, त्या घरात मला मरायचं नाही." पुढे मी विषय काढला नाही.

घर पाडलं तेव्हा खांब एका धक्क्यात गेले. गांधीलमाश्यांनी यंत्रवाल्याला गाठलं आणि तो उडी मारून बायूत पडला, तेवढीच काय ती गंमत. दिवाणखाना गेला, जिना गेला. मागची खोली मात्र जाईना. यंत्र ढकलायचं, भिंत हलायची, पुन्हा उभी. शेवटी साखळदंड लावून ओढली. झेली बघायला आली नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती आणि प्रत्येक आवाजाला सुरी थांबवत होती.

सोस्थेन गावात एका शिंप्याच्या माडीवर भाड्यानं राहायला लागला. थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी आमच्या दारात आला. काठी नव्हती, हॅट हातात. खंगला होता. मला दया यायला हवी होती, आली नाही.

"झेझे," त्यानं आत हाक मारली. बाळपणी तो तिला तसं म्हणायचा. "झेझे, एक शब्द बोलली असतीस तर... का नाही गं बोललीस?"

झेली बाहेर आली. पदराला, म्हणजे आमच्या ॲप्रनला, हात पुसले. त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा, मालक," म्हणाली. "जेवायच्या वेळेला आलात."

तिनं त्याला भात आणि भेंडीचं दाट गंबो वाढलं, पाव ठेवला, रुमाल घडी करून बाजूला ठेवला. आणि त्याच्या मागे भिंतीशी उभी राहिली, हात पोटावर बांधून, शहरातल्या मोठ्या घरांत मोलकरणी उभ्या राहतात तशी.

"झेझे, तू बस ना माझ्याबरोबर," तो म्हणाला.

"जेवा. गार होतंय."

तो जेवता जेवता रडायला लागला. खांदे हलत होते, नाक गळत होतं, अश्रू ताटात पडत होते. मी म्हटलं, आता उठेल, तिचे पाय धरेल, काहीतरी माणसासारखं करेल. झेलीसुद्धा भिंतीपासून जराशी पुढे सरकली, मी पाहिलं ते, अर्धं पाऊल. त्यानं एवढं केलं असतं तर तिनं सगळं विसरून त्याला पोटाशी घेतलं असतं.

सोस्थेननं बाहीनं डोळे पुसले, रिकामं ताट उचललं आणि मागे न बघता तिच्यापुढे धरलं. अजून थोडं वाढ म्हणून.